फोटो भिंतीवर लावण्याआधी

कॅमेरा क्लब, महाविद्यालयांचे पत्रकारिता विभाग, गिर्यारोहण संस्था, सामाजिक संस्था, हौशी प्रवासी असे कितीतरी जण आज छायाचित्रांची प्रदर्शने भरवतात. त्यांतल्या पुष्कळ प्रदर्शनांचा विषय असतो आपल्याहून वेगळ्या माणसांचे जगणे: लडाखमधले मठ, नागालँडमधले वृद्ध, पूर्व आफ्रिकेतले मसाई, मेळघाटातले कोरकू, भामरागडचे माडिया. तुम्ही असे प्रदर्शन भरवणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. फोटो काढताना कोणती पथ्ये पाळावीत यावर बरेच बोलले जाते. ते लोकांसमोर मांडताना काय पाळावे यावर फार कमी. माझे म्हणणे असे, की ही दोन वेगळी कृत्ये आहेत आणि पहिल्याला मिळालेल्या परवानगीने दुसऱ्याची जबाबदारी फिटत नाही. पाड्यावरच्या बाईने हसून मान डोलावली ती अंगणात आलेल्या पाहुण्यासाठी. शहरातल्या दालनात, तीन फुटी प्रिंट होऊन, शेकडो अनोळखी माणसांसमोर, शेजारी किमतीची चिठ्ठी लावलेल्या अवस्थेत आपण दिसणार आहोत, हे त्या होकारात कुठेच नव्हते. ती दुसरी परवानगी मिळवणे, आणि जिथे ती मिळवता येत नाही तिथे तिच्या जागी काय ठेवायचे हे ठरवणे, हे प्रदर्शन भरवणाऱ्याचे काम आहे. छायाचित्रकार तुम्हीच असाल तरीही ते वेगळे काम म्हणूनच करावे लागते.

हा भेद किती खोल आहे ते जुन्या उदाहरणांत दिसते. १८५७ च्या उठावानंतर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातल्या जातीजमातींची छायाचित्रे जमवली आणि १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंडांत, साडेचारशेहून अधिक चित्रांसह प्रसिद्ध केली. चित्रांतली माणसे तुमच्याआमच्यासारखीच आहेत. कुणी अवघडलेले, कुणी ताठ मानेने बसलेले. पण सोबतच्या मजकुरात कोणता समाज राजनिष्ठ, कोणता भांडखोर, कोणता गुन्हेगारी वृत्तीचा याचे शेरे आहेत आणि ते शेरे वाचले की समोरचा चेहरा पुसला जातो. त्याच सुमारास, १८६३ ते १८६६ मध्ये, विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसे एका जागी टिपलेली आणि मागचे दृश्य दुसरीकडचे आहे. दोन्ही कापून जोडली आहेत. अमेरिकेत एडवर्ड कर्टिस यांनी १९०७ ते १९३० या काळात तिथल्या मूळ रहिवाशांवर वीस खंड काढले. १९१० च्या त्यांच्या एका प्रसिद्ध चित्रात पिगन जमातीचे दोन पुरुष तंबूत बसले आहेत. मूळ निगेटिव्हमध्ये त्या दोघांच्या मध्ये एक घड्याळ आहे. छापलेल्या प्रतीतून ते काढून टाकलेले आहे.

त्या घड्याळापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण आजच्या प्रदर्शनांतही ते रोज पुसले जाते. घड्याळ बाळगणारा माणूस आपल्याच काळात जगतो, आपल्याशी व्यवहार करतो, त्याच्या काही मागण्या असतात. घड्याळ काढले की तो लोप पावत चाललेल्या जगाचा नमुना होतो आणि त्याच्याकडे हळहळून पाहण्यापलीकडे आपल्यावर काही बंधन उरत नाही. कर्टिस यांना त्या लोकांविषयी मनापासून आस्था होती. त्यांची गाणी आणि भाषा त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित करून ठेवली. म्हणजे हेतू चांगला असूनही मांडणी अन्याय करू शकते. म्हणून निवड झाल्यावर बाद केलेल्या फोटोंचा ढीग एकदा परत उघडा. मोबाइलवर बोलणारी आजी, गणवेशातली मुले, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मोटारसायकल, ग्रामपंचायतीचा फलक ज्यात आहे असे किती फोटो केवळ तेवढ्यामुळे गळले, ते पाहा. निम्म्याहून अधिक फोटो त्या कारणाने गळले असतील, तर तुम्ही त्या लोकांचे जगणे मांडत नाही. तुमच्या मनातले त्यांचे चित्र मांडत आहात.

एकेक फोटो निर्दोष असूनही सगळे मिळून खोटे बोलू शकतात. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये १९५५ साली एडवर्ड स्टायकन यांनी ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन मांडले. ६८ देशांतली ५०३ छायाचित्रे, २७३ छायाचित्रकार, आणि सारी मानवजात एक कुटुंब आहे हा आशय. ते जगभर फिरले आणि प्रचंड गाजले. जन्म, श्रम, मृत्यू सगळीकडे सारखेच, असे दाखवताना कोण कुणाच्या श्रमावर जगते हा प्रश्न इथे वगळला गेला, अशी टीका फ्रेंच विचारवंत रोलां बार्थ यांनी केली. १९५९ मध्ये हे प्रदर्शन मॉस्कोला गेले, तेव्हा एका नायजेरियन विद्यार्थ्याने त्यातली काही छायाचित्रे फाडली. गोरी माणसे सुस्थितीत आणि प्रतिष्ठेने, तर आफ्रिकी व इतर माणसे अर्धनग्न आणि हीन अवस्थेत दाखवली आहेत, असा त्याचा आक्षेप होता. फाडण्याचे समर्थन करायची गरज नाही. पण तो भिंतींकडे एकत्र पाहत होता, आणि एकत्र पाहिल्यावर जे दिसते ते आयोजकाला आधी दिसायला हवे होते. तुमच्यासाठी यावरचा उपाय सोपा आहे. सगळे फोटो छोट्या आकारात छापून जमिनीवर मांडा आणि मोजा: कामात असलेली माणसे किती, नुसती बसलेली किती, कॅमेऱ्याकडे पाहणारी किती, वरून खाली टिपलेली किती, कपडे आणि दागिने हाच विषय असलेली किती. आपण स्वतःच्या आईवडिलांचे, शेजाऱ्यांचे फोटो निवडताना असे प्रमाण ठेवले असते का, हे विचारा. नंतर त्या समाजातल्या निदान एका व्यक्तीला तीच मांडणी दाखवा आणि ती बोलत असताना बचाव न करता ऐका.

आता संमतीविषयी. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत स्टीव्ह मकरी यांनी एका अफगाण मुलीचा फोटो काढला. जून १९८५ मध्ये तो ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला आणि जगातल्या सर्वाधिक ओळखल्या जाणाऱ्या चेहऱ्यांपैकी एक झाला. मुलीचे नाव जगाला कळले ते २००२ मध्ये: शरबत गुला. तोवर तिने स्वतः तो फोटो पाहिलेलाच नव्हता. २०१६ मध्ये पाकिस्तानात बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून तिला अटक झाली आणि तिची ती अडचण जगभर बातमी झाली, कारण चेहरा प्रसिद्ध होता. फोटो काढण्याच्या क्षणी शाळकरी वयाच्या मुलीला यातले काय समजावून सांगता आले असते? फारसे काही नाही. पण नंतरच्या सतरा वर्षांत ज्या ज्या संस्थेने तो छापला, टांगला, विकला, तिला प्रत्येक वेळी हा प्रश्न नव्याने पडायला हवा होता.

म्हणून परवानगी दोनदा घ्या. दुसऱ्या वेळी काय सांगायचे ते ठरवून घ्या: फोटो किती मोठा असेल, कुठे लागेल, कोण पाहील, खाली काय लिहिले जाईल, विकला जाणार का, इंटरनेटवर टाकला जाणार का. त्यांच्या भाषेत सांगा, जमल्यास प्रिंटच हातात देऊन सांगा, आणि नकार द्यायला जागा ठेवा. वनाधिकारी, आश्रमशाळेचे मुख्याध्यापक किंवा देणगी देणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता शेजारी उभा असताना दिलेला होकार पूर्ण होकार नसतो, कारण नाही म्हटल्यावर काही गमवावे लागेल ही भीती त्यात असते. इंग्रजीतल्या कागदावर घेतलेल्या अंगठ्यापेक्षा, त्या व्यक्तीच्या बोलीत समजावून घेतलेला आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेला होकार कितीतरी खरा. मुलांच्या बाबतीत पालकांचा होकार हवाच, पण मूल जाणत्या वयाचे असेल तर त्यालाही विचारा. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांची ओळख उघड करणे पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे. तिथे कुणाच्याही संमतीने वाट काढायला जाऊ नका.

यावर लगेच येणारा आक्षेप असा, की एवढे सगळे करायचे तर प्रदर्शनेच बंद पडतील. यात्रेतल्या गर्दीतल्या प्रत्येकाला कुठे शोधत बसायचे? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच प्रत्येक फोटोला एकच नियम लावू नये. पंढरीच्या वाटेवरच्या दिंडीचा फोटो आणि चंद्रभागेत ओलेत्याने उभ्या असलेल्या एकाच बाईचा जवळून घेतलेला फोटो यांची जोखीम सारखी नाही. दिंडी सर्वांसमोर चाललेली असते. त्या बाईने आपण उघड्यावर आहोत हे मान्य केलेले असते, पण भिंतीवर जाणे नव्हे. एकटा चेहरा, अंगावरचे कमी कपडे, आजार, शोक, मूल, पूजाविधी यांपैकी काही चौकटीत असेल, तर ती व्यक्ती सापडेपर्यंत फोटो बाजूला ठेवा. शोधणे आज पूर्वीइतके कठीण नाही. ज्या गावी फोटो काढला तिथल्या शिक्षकाला, आशा कार्यकर्तीला किंवा सरपंचाला मोबाइलवर विचारले, तर माणसापर्यंत पोचता येते. हा प्रयत्नही न करता फोटो वापरणाऱ्याने निदान ‘शक्य नव्हते’ असे म्हणू नये.

काही ठिकाणी एका व्यक्तीचा होकार पुरत नाही, कारण दिसणारी गोष्ट एकट्याची नसते. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अनंगू लोकांनी १९९४ मध्ये ‘आरा इरितित्जा’ हा स्वतःचा संग्रह सुरू केला. संग्रहालयांत आणि खाजगी पेट्यांत विखुरलेली त्यांची छायाचित्रे डिजिटल रूपात त्यांच्याकडे परत येतात आणि कोणी काय पाहावे हे तेच ठरवतात. नुकत्याच वारलेल्या माणसाचे चित्र झाकता येते. पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्याच विधींची चित्रे त्या त्या गटापुरती राहतात. बाहेरच्याला ही बंधने ज्ञानाच्या आड येणारी वाटतील. पण देवघरात, सुतकात, बाळंतिणीच्या खोलीत कुणाला येऊ द्यायचे हे ठरवण्याचा हक्क आपण स्वतःसाठी गृहीतच धरलेला असतो. विधीचा फोटो लावायचा असेल, तर भगत, पुजारी, पाड्यातली वडीलधारी माणसे किंवा ग्रामसभा यांना विचारा. अंदमानातल्या जारवांच्या बाबतीत तर प्रश्न विचारण्याचाही नाही: १९५६ च्या संरक्षण नियमावलीखाली त्यांची छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. पर्यटकाने गाडीतून टिपलेला असा फोटो तुमच्याकडे आला, तर तो परत करा.

फोटोखालच्या ओळींवर आयोजकांचे सर्वांत कमी लक्ष असते आणि सर्वांत जास्त अन्याय तिथेच होतो. कॅनडाच्या राष्ट्रीय संग्रहात इन्युइट लोकांची हजारो छायाचित्रे आहेत. त्यांच्या नोंदींत छायाचित्रकाराचे नाव, तारीख, ठिकाण असे आणि माणसाच्या जागी ‘एस्किमो स्त्री’ किंवा ‘मूलनिवासी’ एवढेच असे. या शतकाच्या सुरुवातीला तिथे ‘प्रोजेक्ट नेमिंग’ सुरू झाले. इन्युइट तरुण लॅपटॉपवर ही चित्रे घेऊन आपल्या गावांतल्या म्हाताऱ्यांकडे गेले आणि त्यांनी माणसे ओळखली: ही माझी आई, हा अमक्याचा मामा. छायाचित्रकार रिचर्ड हॅरिंग्टन यांनी १९५० च्या आसपास काढलेली, उपासमारीच्या काळातलीही छायाचित्रे त्यांत होती. नाव मिळताच ‘उपाशी एस्किमो’चा फोटो एका घराण्याचा होतो. तुमच्या कॅप्शनमध्ये नाव, गाव, तालुका, ती व्यक्ती त्या वेळी काय करत होती आणि फोटो कोणत्या वर्षी काढला, एवढे हवेच. वर्ष अजिबात गाळू नका. वर्षाविना फोटो म्हणजे ‘हे लोक कायम असेच असतात’ असे विधान. ‘निरागस’, ‘रांगडे’, ‘निसर्गपुत्र’, ‘आधुनिकतेपासून दूर’ ही विशेषणे काढून टाका. ती माणसाविषयी काही सांगत नाहीत. शक्य झाल्यास त्या व्यक्तीचे एखादे वाक्य तिच्याच बोलीत द्या आणि खाली मराठी अर्थ द्या. नाव दिल्याने सूड, बदनामी किंवा पोलिसांचा ससेमिरा मागे लागणार असेल, तर नाव नको, आणि मग चेहराही नको.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळा आहे. दुःख आणि अन्याय दाखवायचाच नाही का? सत्ताधाऱ्यांना अडचणीत आणणारे फोटो परवानगीच्या चाळणीत अडकले तर अत्याचार करणाऱ्यांचेच फावेल. हा आक्षेप मला पूर्ण पटतो, म्हणून त्याचे उत्तर ‘दाखवू नका’ असे असू शकत नाही. पण संमतीचा नियम दुबळ्या माणसाच्या रक्षणासाठी आहे. बुलडोझर चालवणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा लाठी उगारणाऱ्या शिपायाला विचारत बसण्याचे कारण नाही. प्रश्न पीडिताचा आहे. मेरी एलन मार्क यांनी १९७८ मध्ये मुंबईच्या फॉकलंड रोडवर वेश्याव्यवसायातल्या बायकांची छायाचित्रे काढली. त्यांचे पुस्तक १९८१ मध्ये निघाले. त्यांनी तिथल्या बायकांचा विश्वास मिळवला आणि त्या कामात जवळीक आहे, हे नाकारता येत नाही. तरीही त्यांतल्या मुली आज हयात असतील तर साठीच्या आसपास असतील, कुणी आजी असेल, आणि त्यांचे तेव्हाचे चेहरे आजही संग्रहालयांत आणि पुस्तकांत आहेत. ते काम आज भिंतीवर लावणाऱ्याने १९७८ च्या होकारावर विसंबून राहणे मला योग्य वाटत नाही.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण इटालियन छायाचित्रकार अलेस्सिओ मामो यांचे. २०११ मध्ये उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातल्या गरीब गावकऱ्यांसमोर खोट्या पक्वान्नांचे टेबल मांडून, डोळे झाकून आवडीच्या अन्नाचे स्वप्न पाहायला सांगून त्यांनी फोटो काढले. २०१८ मध्ये ‘वर्ल्ड प्रेस फोटो’च्या इन्स्टाग्रामवर ते आल्यावर संतापाची लाट उठली आणि मामो यांनी माफी मागितली. पाश्चात्त्यांना अन्नाची नासाडी दिसावी हा त्यांचा हेतू होता. म्हणजे उपाशी माणूस तिसऱ्याच कुणाला धडा शिकवण्यासाठी वापरला गेला. दुःखाचा फोटो निवडताना हीच कसोटी लावा: त्या माणसाचे म्हणणे यातून पुढे जाते, की माझे? पी. साईनाथ यांच्या ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ या प्रदर्शनात दहा राज्यांतल्या ग्रामीण बायकांचे १९९३ ते २००२ मधले फोटो आहेत. कष्ट आहेत, हाल आहेत, पण बहुतेक चौकटींत बाई काम करते आहे आणि त्या कामाची किंमत कोण बुडवते हे मजकूर सांगतो. ते प्रदर्शन कलादालनांपुरते राहिले नाही. बसस्थानके, कारखान्यांची दारे, शेतमजुरांचे मेळावे येथे लागले. त्यामुळे फोटोतल्यांसारख्या बायकांनीच ते पाहिले. दुःख दाखवण्याचा हक्क तिथे कमावलेला मला दिसतो.

जुन्या संग्रहातले फोटो वापरताना ‘ती माणसे आता हयात नाहीत’ हे कारण पुढे केले जाते. १८५० मध्ये दक्षिण कॅरोलायनात जे. टी. झीली यांनी लुई अगासी या शास्त्रज्ञासाठी गुलामगिरीतल्या माणसांची, विवस्त्र करून, छायाचित्रे घेतली. ती हार्वर्ड विद्यापीठाकडे होती. त्यांतल्या रेंटी या व्यक्तीचे आपण वंशज आहोत, असे सांगून टमारा लॅनियर यांनी २०१९ मध्ये दावा लावला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मालकीचा हक्क मान्य केला नाही, पण विद्यापीठाच्या वागणुकीमुळे झालेल्या मानसिक यातनांचा दावा चालू शकतो, असे म्हटले. २०२५ मध्ये तडजोड होऊन ती छायाचित्रे चार्ल्स्टनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे द्यायचे ठरले. कागदाची मालकी आणि दाखवण्याचा नैतिक अधिकार वेगळे आहेत, हे यातून स्पष्ट होते. आपल्याकडेही वासाहतिक काळातले ‘टाइप्स’चे, म्हणजे जातीजमातींचे नमुने म्हणून काढलेले, फोटो मोठे करून सजावटीसाठी लावले जातात. लावायचेच असतील, तर ते कुणी, कशासाठी, कोणत्या दडपणाखाली काढले हे फोटोइतक्याच ठळकपणे लिहा, आणि ज्यात माणसाला बळजबरीने उघडे केले आहे तो फोटो मजकुरात वर्णन करूनच थांबा.

मग बाहेरच्याने दुसऱ्या समाजाचे फोटो दाखवूच नयेत का? असे म्हणणारे आहेत; मला ते मान्य नाही, कारण त्यातून प्रत्येकाने आपापल्या अंगणापुरतेच पाहावे असे ठरते आणि ज्यांच्याकडे कॅमेरा-दालने नाहीत ते अदृश्यच राहतात. मार्ग भागीदारीचा आहे, आणि त्याची दोन उत्तम उदाहरणे पालघर जिल्ह्यातलीच आहेत. गौरी गिल यांनी २०१३ पासून डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे वारली चित्रकार राजेश वांगड यांच्याबरोबर ‘फील्ड्स ऑफ साइट’ हे काम केले. फोटो गिल यांचे. त्यावर वांगड यांनी त्या जमिनीच्या कथा, दुष्काळ, झाडतोड शाईने रेखली. कॅमेऱ्याला जे दिसत नव्हते ते तिथल्या माणसाने त्याच कागदावर भरले, आणि दोघांचे नाव कलावंत म्हणून लागते. जव्हार भागात मुखवटे घडवणाऱ्या कोकणा व वारली कारागिरांबरोबर गिल यांनी २०१५ पासून केलेल्या कामात बोहाडा उत्सवातल्या देवादिकांऐवजी रोजच्या जगण्यातले मुखवटे गावकऱ्यांनीच घडवून चढवले. काय दाखवायचे यात त्यांचा वाटा होता. प्रत्येकाला एवढे जमेल असे नाही. पण निवड समितीत त्या समाजातली एक व्यक्ती मानधन देऊन घेणे, आणि निमंत्रणपत्रिकेवर तिचे नाव ‘आभार’ऐवजी निवडकर्ती म्हणून छापणे कुठल्याही क्लबला परवडते.

पैशांबद्दल स्पष्ट बोला. कायद्याने स्वामित्वहक्क सर्वसाधारणपणे छायाचित्रकाराचा असतो, चौकटीतल्या माणसाचा नाही. म्हणून त्याचा वाटा कायदा देणार नाही, तो तुम्हीच ठरवायचा. प्रिंट विकणार असाल तर किती टक्के कुणाला, हे आधी लिहून ठेवा आणि दालनात लावा. पैशाने फोटोची सचोटी बिघडते हा बातमीदारीतला नियम फोटो काढण्यापूर्वी दिलेल्या पैशाला लागू होतो. विक्रीनंतर दिलेल्या वाट्याला तो लावणे म्हणजे सोयीचा अर्थ काढणे आहे. प्रत्येक कुटुंबाला त्यांची प्रिंट द्या. आणि शहरातल्या उद्घाटनाआधी तेच प्रदर्शन त्या गावी, शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात दोन दिवस लावा. कॅप्शनमधल्या चुका तिथेच सापडतात: नाते चुकलेले असते, सण भलताच लिहिलेला असतो.

शेवटी, आक्षेप येणारच हे धरून चाला. दारापाशी अभिप्राय वहीशेजारी हरकतींसाठी वेगळी वही आणि एका जबाबदार माणसाचा फोन नंबर ठेवा. फोटोतल्या व्यक्तीने किंवा तिच्या घरच्यांनी काढा म्हटले, तर त्याच दिवशी काढा, चर्चा नंतर. समाजाच्या नावाने तिऱ्हाइताने किंवा राजकीय गटाने दम दिला, तर मात्र लगेच नमू नका, आधी त्या व्यक्तीला विचारा. तिला फोटो हवा असेल तर तो तिच्या बाजूने राखणे तुमचे काम आहे. फोटो उतरवला तर रिकाम्या जागी का उतरवला ते लिहा, वेबसाइटवरून आणि समाजमाध्यमांवरूनही तो काढा, डिजिटल फाइल कोणाकोणाला दिली होती त्यांना कळवा. हरकतींची वही प्रदर्शन संपल्यावर फेकू नका. प्रदर्शन पुढच्या गावी जाईल तेव्हा ती प्रिंटच्या खोक्यातच पाठवा, म्हणजे तिथल्या आयोजकाला कोणता फोटो कुणाच्या सांगण्यावरून गाळला आहे ते आपोआप कळेल.